लागू, श्रीराम बाळकृष्ण

(१६ नोव्हेंबर १९२७–१७ डिसेंबर २०१९). मराठी रंगभूमी आणि मराठी व हिंदी चित्रपट ह्या क्षेत्रांतील श्रेष्ठ अभिनेते, नाट्यदिग्दर्शक व बुद्धिप्रामाण्यवादी विचारांचे पुरस्कर्ते. जन्म सातारा येथे. शिक्षण पुणे येथे भावे स्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय ह्या संस्थांत झाले. कान, नाक व घसा ह्यांचे शल्यचिकित्सक म्हणून अनेक वर्षे व्यवसाय केल्यानंतर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, तो व्यवसाय सोडून त्यांनी नटाचा पेशा पत्करला. प्रायोगिक व व्यावसायिक ह्या दोन्ही रंगभूमींवर आणि त्याचबरोबर चित्रपटात सारख्याच अधिकाराने वावरलेले नट मराठीत थोडे आहेत. लागू हे त्यांतील एक प्रमुख होत. भूमिकेचा आशय आधी बुद्धीने आकळून घ्यावयाचा आणि मग त्याला वाणी व देह द्यावयाचा, ही त्यांच्या अभिनयाची रीत होती. त्यांच्या अनेक श्रेष्ठ भूमिका तत्त्वनिष्ठ माणसाची कसोटी पाहणाऱ्या आहेत, ही गोष्टही त्यांच्या कारकीर्दीचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते.

पार्श्वभूमी : बोलपटाच्या आगमनानंतर १९३०–४० च्या दशकांत मराठीतील जुन्या नाटकमंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. संगीत नाटकाचा बहर ओसरला. ‘नाट्यमन्वंतर’ ह्या संस्थेने १९३३ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकाने वास्तववादी नाट्यप्रयोगाची दिशा दाखविली, तरी ती वाट रुळण्यास पुढे दोन दशके लागली. स्वातंत्र्योत्तर काळात हौशी नाट्यसंस्था, महाविद्यालयीन नाट्यमंडळे आणि १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धा ह्यांनी नव्या नाटकाला नट, दिग्दर्शक व प्रेक्षक मिळवून दिले. डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते, सरकारी नोकर अशी माणसे दिवसभराचे काम उरकून तालमीला येत. नाटक हे त्यांचे उपजीविकेचे साधन नव्हते. त्यामुळे गल्ल्याची चिंता न करता नव्या लेखकाचे नाटक करून पाहण्याची मोकळीक त्यांना होती. परंतु ह्याच कारणामुळे त्यांची नाट्यसाधना बहुधा फावल्या वेळेपुरती मर्यादित राही. लागू ह्यांची घडण ह्या हौशी परंपरेत झाली आणि तिची मर्यादा ओलांडण्याचा निर्णयही त्यांनी स्वतःच्या आयुष्यापुरता घेतला.

पूर्वायुष्य व वैद्यकीय व्यवसाय : वैद्यकीय महाविद्यालयात असतानाच लागू नाटकांत कामे करू लागले. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी भालबा केळकर व इतर समविचारी मित्रांसह त्यांनी पुण्यात ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ (पीडीए) ही संस्था उभी केली. वसंत कानेटकर ह्यांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) ह्याच संस्थेने रंगभूमीवर आणले व त्यातील मध्यवर्ती भूमिकेने लागू ह्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. मुंबईच्या ‘रंगायन’ ह्या प्रायोगिक संस्थेशीही त्यांचा संबंध आला. पुढे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) ह्या पीडीएच्याच नाटकामुळे नावारूपास आलेले दिग्दर्शक जब्बार पटेल हेही व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांच्या चित्रपटांतून लागू ह्यांना महत्त्वाच्या भूमिका मिळाल्या.

एम्‌.बी.बी.एस्‌. व एम्‌.एस्‌. ह्या पदव्या घेतल्यानंतर लागू ह्यांनी पुण्यात व्यवसाय केला. अधिक शिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंड येथे गेले. साठीच्या दशकात पूर्व आफ्रिकेतील टांझानियाच्या टबोरा ह्या गावीही त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून काम केले. ह्या सर्व काळात नाटकाची ओढ कमी झाली नाही. उलट, दोन्ही कामांना पुरे पडणे शक्य नाही, त्यांतील एकाचीच निवड केली पाहिजे, ही जाणीव बळावत गेली. स्थिर उत्पन्न व प्रतिष्ठा देणारा व्यवसाय सोडून नाटकावर उपजीविका करणे ही त्या काळच्या पांढरपेशा समाजात सहज मान्य होणारी गोष्ट नव्हती. शिक्षित मध्यमवर्गाला नाटक पाहणे आवडे, पण नटाचा पेशा त्याला बेभरवशाचा वाटे. १९६९ मध्ये कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ ह्या नाटकाद्वारे लागू ह्यांनी पूर्ण वेळचा नट म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले.

‘नटसम्राट’ : वि. वा. शिरवाडकर ह्यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक ‘द गोवा हिंदू असोसिएशन’ ह्या संस्थेने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत प्रथम सादर केले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर ह्यांचे होते. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ ह्या शोकांतिकेची प्रेरणा ह्या नाटकामागे आहे. तथापि शिरवाडकरांनी राजाच्या जागी निवृत्त नट आणला आणि कथेला मराठी मध्यमवर्गीय घराची चौकट दिली. रंगभूमीवर राजांची राज्ये गाजविलेला गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून देतो, त्यांच्या घरी अवमानित होतो, पत्नी कावेरीला गमावतो आणि अखेर रस्त्यावर, बूटपॉलिश करणाऱ्या एका मुलाच्या सोबतीस येऊन पोहोचतो. ह्या नाटकास १९७४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला.

बेलवलकराची भूमिका नटाला दुहेरी पेचात टाकणारी आहे. बेलवलकर हा जुन्या परंपरेतील, भरदार स्वरांचा व मोठ्या हातवाऱ्यांचा नट आहे. घरातल्या साध्या बोलण्यातही त्याला रंगभूमीवरचे शब्द आठवतात. ही भूमिका करणाऱ्या नटाने केवळ आवाजाचे वैभव दाखविले, तर दुःख बाजूला राहून पाठांतराची मैफल उरते. त्याने ती सरळ वास्तववादी पद्धतीने केली, तर नटसम्राट हे बिरुदच खोटे ठरते. लागू ह्यांनी ह्या दोन टोकांच्या मधली वाट काढली. त्यांचा बेलवलकर स्वगते मोठ्या पल्ल्याने उचली. परंतु त्या पल्ल्याच्या मध्येच म्हातारा नट स्वतःच्या आवाजाचा आडोसा शोधत आहे, हे प्रेक्षकाला उमगत असे. शब्दांची आतषबाजी संपल्यावर येणारी स्तब्धता ते निर्भयपणे लांबवीत. शांता जोग ह्यांनी कावेरीची भूमिका अत्यंत संयमाने केली. तिच्या मूक समजूतदारपणामुळे बेलवलकराच्या वाचाळतेतील असहायता अधिक ठळक होई.

ह्या भूमिकेने लागू ह्यांना अमाप कीर्ती दिली आणि तिचे मोलही वसूल केले. एका प्रयोगात देह व मन पिळवटून काढणारी ही भूमिका व्यावसायिक रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे वारंवार व अनेक गावी करावी लागे. तिचा ताण त्यांच्या प्रकृतीला भोवला आणि तिचे प्रयोग त्यांना थांबवावे लागले. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त इ. नटांनी ही भूमिका आपापल्या परीने केली. २०१६ मध्ये महेश मांजरेकर ह्यांनी ह्या नाटकावर चित्रपट काढला व त्यात नाना पाटेकर ह्यांनी बेलवलकर साकारला. प्रत्येक नव्या बेलवलकराची तुलना लागूंच्या बेलवलकराशी होत राहिली, ह्यावरून त्यांच्या भूमिकेचा ठसा किती खोल होता, ह्याची कल्पना येते.

इतर नाट्यभूमिका व दिग्दर्शन : ‘नटसम्राट’च्याच वर्षी, १९७० मध्ये, लागू ह्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले. कुटुंबातील हाव व हिंसा उघडीवाघडी मांडणाऱ्या ह्या नाटकाने मराठी प्रेक्षक हादरला. परिनिरीक्षण मंडळाने त्यातील अनेक स्थळांना हरकत घेतली. लुगड्यावरील रक्ताचा डाग हे त्यांपैकी एक होय. तेव्हा तो डाग निळा दाखवावयाचा आणि परिनिरीक्षणामुळे लाल डागाचा रंग बदलला आहे, अशी सूचना प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना द्यावयाची, अशी युक्ती योजण्यात आली. नियमाचे अक्षर पाळून त्यातील विसंगती प्रेक्षकांपुढे मांडण्याचा हा प्रकार मराठी रंगभूमीच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. एकाच वर्षी लोकप्रियतेच्या शिखरावरील ‘नटसम्राट’ आणि वादाच्या भोवऱ्यातील ‘गिधाडे’ ही दोन्ही नाटके हाताळणे, हे लागू ह्यांच्या दुहेरी निष्ठेचे द्योतक आहे. व्यावसायिक रंगभूमीने त्यांना निर्वाह व विशाल प्रेक्षकवर्ग दिला. प्रायोगिक रंगभूमीशी असलेले नाते त्यांनी कधी तोडले नाही.

कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ (१९७२) ह्या नाटकात त्यांनी नानासाहेब भानू ही भूमिका केली. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या जीवनाचा आधार ह्या व्यक्तिरेखेला आहे. स्त्रीशिक्षणाच्या कार्याला वाहून घेतलेल्या भानूंच्या थोरवीची झळ त्यांच्या घराला, विशेषतः पत्नी बयोला, कशी लागते, हे नाटकाचे सूत्र आहे. गो. पु. देशपांडे ह्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ (१९७४) ह्या राजकीय नाटकाचे दिग्दर्शन लागू ह्यांनी ‘रूपवेध’ ह्या आपल्या संस्थेतर्फे केले व त्यातील प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी ही प्रमुख भूमिकाही केली. राजकीय मतांमुळे विद्यापीठीय चौकशीला सामोरे जाणाऱ्या साम्यवादी प्राध्यापकाचे हे नाटक आहे. त्यात बाह्य घटना थोड्या व वादविवाद पुष्कळ. अशा संहितेतील विचारांना नाट्यमयता देणे हे वाचिक अभिनयावर असामान्य प्रभुत्व असल्याखेरीज साधणारे नव्हते.

तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) मधील नाथ देवळालीकर हा समाजवादी कार्यकर्ता आपल्या मुलीच्या दलित तरुणाशी झालेल्या विवाहाचे मनःपूर्वक स्वागत करतो, आणि त्या विवाहात तिच्या वाट्याला आलेला छळ पाहून आपल्या ध्येयवादासह कोसळतो. महेश एलकुंचवार ह्यांच्या ‘आत्मकथा’ (१९८८) मधील राजाध्यक्ष हा वयोवृद्ध लेखक आत्मचरित्र सांगताना स्वतःलाही फसवीत असतो. प्रेमानंद गज्वी ह्यांचे ‘किरवंत’ हे नाटकही लागू ह्यांनी रंगभूमीवर आणले. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांना स्वतःच्याच जातीत मिळणारी हीन वागणूक हा त्याचा विषय. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी मकरंद साठे लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित ‘सूर्य पाहिलेला माणूस’ (१९९९) मध्ये सॉक्रेटीस उभा केला. प्रश्न विचारण्याचा हक्क सोडण्यापेक्षा विषाचा पेला पत्करणारा हा तत्त्वज्ञ त्यांच्या भूमिकांच्या मालिकेत अगदी स्वाभाविक वाटतो.

ह्या व्यक्तिरेखा एकत्र पाहिल्या असता त्यांतील समान धागा दिसतो. भानू, श्रीधर विश्वनाथ, नाथ, राजाध्यक्ष व सॉक्रेटीस ही सारी विचारांवर जगणारी माणसे आहेत. त्यांचा विचार त्यांना एकाकी करतो, कधी घरच्यांवर अन्याय करावयास लावतो, तर कधी उलटून त्यांच्यावरच येतो. लागू ह्यांनी त्यांना निखळ आदर्श म्हणून रंगविले नाही. तत्त्वनिष्ठेच्या पोटी असणारा हट्ट, अहंता व आंधळेपणाही ते दाखवीत. म्हणूनच ह्या भूमिका उपदेशपर न होता शोकात्म झाल्या.

चित्रपट : व्ही. शांताराम ह्यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) ह्या चित्रपटातील गुरुजी ही लागू ह्यांची पहिली महत्त्वाची चित्रपटभूमिका होय. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग ह्यांच्या ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) ह्या जर्मन चित्रपटाच्या कथाबीजाला येथे तमाशाच्या फडाची पार्श्वभूमी दिली आहे. गावाला वळण लावणारा शिक्षक तमासगिरीणीच्या मोहात पडतो. गाव त्याला मृत समजून त्याचा पुतळा उभारते आणि शेवटी त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा आळ येतो. गावापुढचा आदर्श टिकावा म्हणून तो ही शिक्षा मुकाट्याने स्वीकारतो. ताठ चालीच्या गुरुजीपासून फडावरच्या लाचार इसमापर्यंतचा हा प्रवास लागू ह्यांनी मुख्यतः देहबोलीतील सूक्ष्म बदलांतून दाखविला.

‘सामना’ (१९७५) हा तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेल ह्यांनी दिग्दर्शित केलेला व रामदास फुटाणे ह्यांनी निर्मिलेला चित्रपट मराठी राजकीय चित्रपटाचा आरंभबिंदू मानला जातो. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९७५ साली तो दाखविला गेला. कालव्यांच्या पाण्यावर बारामती–इंदापूर भागापासून कोल्हापूरपर्यंत पसरलेल्या ऊसपट्ट्यात सहकारी साखर कारखान्यांच्या रूपाने समृद्धी आली व तिच्याबरोबर ग्रामीण सत्तेची नवी केंद्रेही निर्माण झाली. ‘सामना’ची कथा अशाच एका काल्पनिक गावात घडते. तेथील सर्वसत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) व गावात उपरा म्हणून आलेला, दारूच्या आहारी गेलेला जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर (लागू) ह्यांच्यातील हा सामना आहे. बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी मास्तर पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नापुढे हिंदुरावाची सारी सत्ता हतबल ठरते. फुले ह्यांचा सहज, मुरलेला ग्रामीण ढंग आणि लागू ह्यांचा थकलेला, तिरकस, पण आतून न विझलेला मास्तर ह्यांची ही जुगलबंदी मराठी चित्रपटातील संस्मरणीय घटना होय.

अरुण साधू ह्यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ ह्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपदाची आकांक्षा बाळगणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे रंगविले. ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) मध्ये त्यांनी संत गाडगे महाराज साकारले. देवाचे अस्तित्व न मानणाऱ्या नटाने कीर्तनकार संताची भूमिका तितक्याच तन्मयतेने करावी, ह्याचे अनेकांना नवल वाटले. परंतु गाडगे महाराजांचा झाडू व अंधश्रद्धेवरील प्रहार ह्यांशी लागू ह्यांचे वैचारिक नाते जवळचेच होते. ‘झाकोळ’ (१९८०) हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. ‘मुक्ता’ (१९९४) ह्या पटेल ह्यांच्याच चित्रपटातही त्यांची भूमिका होती.

हिंदीत त्यांनी ‘इन्कार’ (१९७७), ‘किनारा’ (१९७७), ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८), ‘लावारिस’ (१९८१) इ. अनेक चित्रपटांत कामे केली. ‘घरौंदा’ (१९७७) मधील प्रौढ उद्योजक मोदी ह्या भूमिकेबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘गहराई’ (१९८०) मध्ये मुलीला पछाडले गेल्याचे पाहून स्वतःच्या अविश्वासाशी झगडणारा पिता, रिचर्ड ॲटनबरो ह्यांच्या ‘गांधी’ (१९८२) मधील गोपाळ कृष्ण गोखले आणि मृणाल सेन ह्यांच्या ‘एक दिन अचानक’ (१९८९) मधील, एके दिवशी घर सोडून नाहीसा होणारा प्राध्यापक ह्या त्यांच्या विशेष उल्लेखनीय भूमिका होत. मात्र धंदेवाईक हिंदी चित्रपटाने त्यांचा उपयोग बहुतांशी पिता, न्यायाधीश वा अधिकारी अशा ठरीव साच्यांतच केला. त्यांच्या सामर्थ्याच्या मानाने ह्या भूमिका तोकड्या होत्या.

अभिनयविचार : लागू ह्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘लमाण’ (२००४) असे आहे. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणारा तो लमाण. नट हाही नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणारा वाहक आहे, ही त्यामागील कल्पना. वरवर ही भूमिका विनयाची वाटते, पण तीत एक कठोर शिस्त आहे. माल वाटेत सांडता कामा नये, त्यात भेसळ होता कामा नये आणि आपण काय वाहत आहोत हे वाहकाला ठाऊक असले पाहिजे. टाळ्यांसाठी संहितेबाहेर जाणारा नट ह्या कसोटीला उतरत नाही. ‘वाचिक अभिनय’ ह्या त्यांच्या पुस्तकात आवाज, उच्चार व आशय ह्यांच्या परस्परसंबंधाचा ऊहापोह आहे. घशाच्या शल्यचिकित्सकाला ध्वनीच्या शारीरिक यंत्रणेची जाण असणे स्वाभाविक होते. परंतु आवाज कमावणे हे साधन असून आशय पोहोचविणे हेच साध्य आहे, ह्याचे भान त्यांच्या प्रत्यक्ष अभिनयात सतत दिसे. खर्जातील भारदस्त स्वर, स्वच्छ शब्दोच्चार, वाक्यातील नेमक्या शब्दावर येणारा भर व अर्थपूर्ण विराम ही त्यांच्या वाचिक अभिनयाची लक्षणे होत. ह्या लकबींची ओळख इतकी पक्की झाली, की काही भूमिकांत पात्राआधी लागूच ऐकू येत. अभिनयातील बुद्धीचा अंकुश कधीकधी उत्स्फूर्ततेला आवर घाली, असेही म्हणता येते.

सामाजिक कार्य : लागू हे निरीश्वरवादी होते व आपली मते त्यांनी कधी लपविली नाहीत. परमेश्वराला आता निवृत्त करावे, ह्या आशयाच्या त्यांच्या प्रतिपादनाने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील नरेंद्र दाभोलकर ह्यांच्यासह त्यांनी गावोगावी जाहीर वादसंवादाचे कार्यक्रम केले. श्रद्धेला सरसकट विरोध न करता अंधश्रद्धेशी लढावे, ही दाभोलकरांची भूमिका, तर श्रद्धा ही मुळातच अंध असते, असा लागू ह्यांचा आग्रह. एकाच व्यासपीठावरून दोघे सहकारी आपले मतभेद श्रोत्यांपुढे मांडीत, हे ह्या कार्यक्रमांचे वैशिष्ट्य होते. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या ‘सामाजिक कृतज्ञता निधी’साठी त्यांनी व निळू फुले प्रभृती कलावंतांनी आचार्य अत्रे ह्यांच्या ‘लग्नाची बेडी’ ह्या नाटकाचे प्रयोग केले.

त्यांच्या पत्नी दीपा लागू (पूर्वाश्रमीच्या बसरूर) ह्याही अभिनेत्री असून ‘गिधाडे’सारख्या नाटकांतून दोघांनी एकत्र कामे केली. पुत्र तन्वीर ह्याच्या अकाली निधनानंतर त्याच्या स्मरणार्थ ‘रूपवेध प्रतिष्ठान’तर्फे ‘तन्वीर सन्मान’ हा पुरस्कार २००४ पासून देण्यात येऊ लागला. रंगभूमीची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या कलावंतांसाठी तो आहे.

सन्मान व योग्यता : भारत सरकारने लागू ह्यांना १९७४ मध्ये पद्मश्री हा किताब दिला. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान (१९९७) व संगीत नाटक अकादेमीचे अधिछात्रत्व (२०१०) हे त्यांना लाभलेले इतर प्रमुख बहुमान होत. पुणे येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मराठी रंगभूमीवर गणपतराव जोशी ह्यांच्यापासून केशवराव दाते, नानासाहेब फाटक ह्यांच्यापर्यंत थोर गद्यनटांची परंपरा आहे. लागू हे त्या परंपरेचे वारस असले, तरी त्यांची घडण तिच्याबाहेर, हौशी व प्रायोगिक नाटकाच्या तालमीत झाली. त्यामुळे जुन्या नटांचे वाणीवैभव आणि नव्या नाटकाची चिकित्सक दृष्टी ह्यांचा मेळ त्यांच्या ठायी पडला. नटाचे काम हे शिक्षित माणसाने सर्व शक्तीनिशी करण्याजोगे, बुद्धीचा कस लावणारे काम आहे, हे त्यांच्या उदाहरणाने मराठी समाजाला पटले. पुढील पिढीतील अनेक शिक्षित तरुणांना ही वाट धरण्याचे धैर्य त्यातून मिळाले. दुसऱ्याचा माल वाहणाऱ्या लमाणालाही स्वतःचे मत असते व ते उच्चारण्याची किंमत मोजावी लागते, हेही त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.